उंबरठा आणि पंगत

२४ जून १९७३ रोजी, रविवारी संध्याकाळी, अमेरिकेतील न्यू ऑर्लिन्स शहरात 'अपस्टेअर्स लाउंज' या वरच्या मजल्यावरील मद्यगृहाला आग लागली. आग मुद्दाम लावलेली होती, असाच तपासाचा रोख होता. मात्र तिच्याबद्दल कोणालाही कधी शिक्षा झाली नाही. या आगीत ३२ जण मृत्युमुखी पडले. मृतांपैकी बहुतेक समलिंगी पुरुष होते आणि त्यांत मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च या लहानशा पंथाच्या स्थानिक मंडळीचे सभासद व त्यांचे पाळकही होते. आग विझल्यानंतर जे घडले ते आगीइतकेच दाहक होते. शहरातील अनेक चर्चनी मृतांसाठी प्रार्थना करण्यासही नकार दिला. एका एपिस्कोपल धर्मगुरूने दुसऱ्या दिवशी छोटीशी प्रार्थनासभा घेतली, तर त्याच्याकडे निषेधपत्रांचा ढीग येऊन पडला आणि त्याच्या बिशपनेही त्याची कानउघाडणी केली. आठवड्याने एका मेथडिस्ट चर्चने आपली दारे उघडली व तेथे शोकसभा झाली. काही मृतदेहांना कोणी नातेवाईकच लाभले नाहीत. त्यांना बेवारसांच्या दफनभूमीत पुरण्यात आले. त्या वेळच्या मौनाबद्दल न्यू ऑर्लिन्सच्या कॅथलिक आर्चबिशपांनी दिलगिरी व्यक्त केली, ती २०१३ साली, म्हणजे ४० वर्षांनी.

मरणाच्या दारी वैर विसरावे, असा बहुतेक सर्व समाजांचा संकेत आहे. ख्रिस्ती धर्मात तर मृताला मातीआड करणे हे दयेचे कृत्य मानले जाते. ज्या मंडळीला आपल्या शहरातील ३२ मृतांसाठी दोन शब्द उच्चारणेही जड जाते, तिच्या शिकवणीत काही बिघडले आहे की तिच्या अंतःकरणात, हा प्रश्न त्या आगीने विचारला. गेल्या अर्धशतकात ख्रिस्ती जगात समलिंगी व तृतीयपंथी व्यक्तींविषयी जो वाद चालू आहे, तो पुष्कळदा धर्मशास्त्राचा वाद म्हणून मांडला जातो. तो धर्मशास्त्राचा आहेच. पण त्याआधी तो माणसाला आपले म्हणण्याचा, त्याच्या जन्ममरणाशी नाते सांगण्याचा प्रश्न आहे.

स्वागत आणि समावेश हे दोन शब्द या वादात सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. आज अनेक देशांतील चर्चच्या दारांवर 'सर्वांचे स्वागत असो' अशी पाटी असते. समलिंगी माणसाने उपासनेला यावे, मागच्या बाकावर बसावे, गायकवृंदात आवाज मिसळावा, ऑर्गन वाजवावा, वर्गणी द्यावी, याला तेथे सहसा हरकत नसते. परंतु तो आपल्याविषयी खरे बोलला की वातावरण बदलते. मग प्रभुभोजनाच्या मेजाशी त्याने यावे की नाही, रविवारच्या शाळेत मुलांना शिकवावे की नाही, मंडळीच्या कार्यकारिणीवर बसावे की नाही, असे प्रश्न निघू लागतात. महाराष्ट्रातील वाचकाला हा फरक फोड करून सांगावयास नको. ओसरीवर बसवून ओंजळीत वरून पाणी ओतणारे स्वागतही या भूमीने शतकानुशतके पाहिले आहे. उंबरठ्यावरचे आदरातिथ्य आणि पंगतीतले पान यांतील अंतर किती असते, हे ज्याने उंबरठ्यावर आयुष्य काढले त्यालाच ठाऊक असते.

पाप आणि गुन्हा

या प्रश्नाची गुंतागुंत समजून घेण्यासाठी पाप आणि गुन्हा यांची गल्लत कशी झाली, हे पाहणे आवश्यक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये अशी प्रकरणे धर्मन्यायालयांकडे जात. आठव्या हेन्रीच्या राजवटीत १५३३ साली झालेल्या कायद्याने ती राजाच्या न्यायालयांकडे आणली आणि त्यांना देहान्ताची शिक्षा जोडली. चर्चने ज्याला पाप म्हटले त्याला राज्याने गुन्हा ठरवले. हीच परंपरा पुढे साम्राज्याबरोबर जगभर पसरली. मेकॉलेच्या आयोगाने ज्या भारतीय दंडसंहितेचा मसुदा सिद्ध केला, ती १८६० साली मंजूर झाली आणि तिच्यातील ३७७ वे कलम 'निसर्गक्रमाविरुद्ध' संबंधांना शिक्षापात्र ठरवू लागले. भारतातील कोट्यवधी अख्रिस्ती लोकांवर एका ख्रिस्ती देशाच्या नीतिकल्पनेचा अंमल अशा रीतीने बसला. मौज अशी की, पुढे हेच कलम भारतीय संस्कृतीचे कवच असल्याच्या आवेशात त्याचे समर्थन केले गेले.

ज्या इंग्लंडने हा कायदा भारताला दिला, तेथे तो मोडून काढण्याच्या कामात चर्चचाही हात होता, ही गोष्ट फारशी सांगितली जात नाही. अँग्लिकन धर्मपंडित डेरिक शेर्विन बेली यांनी १९५५ साली समलिंगी संबंध व पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरा यांवर ग्रंथ लिहून प्रचलित समजुतींची चिकित्सा केली. १९५७ साली सर जॉन वुल्फेंडेन यांच्या समितीने प्रौढांमधील खाजगी व संमतीचे संबंध गुन्हा मानू नयेत, अशी शिफारस केली. कँटरबरीचे तत्कालीन आर्चबिशप जेफ्री फिशर यांनी तिला पाठिंबा दिला. त्यांचे उत्तराधिकारी मायकेल रॅम्से यांनी उमरावांच्या सभागृहात सुधारणेची बाजू घेतली. १९६७ मध्ये इंग्लंड व वेल्समध्ये कायदा बदलला. हे दोघेही आर्चबिशप समलिंगी संबंधांना नीतिमान्य समजत नव्हते. परंतु ज्याला आपण पाप समजतो त्यासाठी शेजाऱ्याच्या घरी पोलीस पाठवणे हे ख्रिस्ती माणसाचे काम नव्हे, एवढा विवेक त्यांच्यापाशी होता. भारतात हा विवेक कायद्यात उतरावयास आणखी ५१ वर्षे लागली. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी दिलेला निर्णय सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ रोजी फिरवला आणि अखेर ६ सप्टेंबर २०१८ रोजी, पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने, प्रौढांच्या संमतीच्या संबंधांपुरते ते कलम निष्प्रभ केले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तर ते कलमच नाही.

या न्यायालयीन लढ्यात काही ख्रिस्ती संघटना कलम टिकावे म्हणून उभ्या राहिल्या. इतर धर्मांच्या अभिमान्यांबरोबर त्या एकाच बाकावर बसल्या होत्या. एरवी एकमेकांविषयी चांगला शब्द न काढणाऱ्यांचे या एका बाबतीत एकमत झाले. परंतु ख्रिस्ती समाजाचा तेवढाच आवाज होता असे नाही. २०१३ च्या निकालानंतर मुंबईचे तत्कालीन आर्चबिशप कार्डिनल ओस्वाल्ड ग्रेशस यांनी, समलिंगी विवाहाला चर्चचा विरोध असला तरी या व्यक्तींना चर्च गुन्हेगार मानत नाही, असे स्पष्ट केले. नागपूर येथे मुख्यालय असलेल्या भारतातील चर्चेसच्या राष्ट्रीय परिषदेने या विषयावर परिसंवाद भरवले, अभ्याससाहित्य सिद्ध केले. ज्या देशात ख्रिस्ती समाज स्वतःच अल्पसंख्य आहे, तेथे अल्पसंख्यांतील अल्पसंख्याची बाजू ऐकून घेण्याचे हे धैर्य लहान मानता येणार नाही.

शब्दांचे ओझे

विरोधकांचा मुख्य आधार पवित्र शास्त्राचा आहे आणि त्याची उपेक्षा करून भागणार नाही. ज्यांच्या दृष्टीने बायबल हे देववचन आहे, त्यांना 'काळ बदलला' एवढ्या उत्तराने समाधान वाटणार नाही, वाटूही नये. म्हणून शास्त्रवचने तपासली पाहिजेत. समलिंगी संबंधांविषयी म्हणून ज्या उताऱ्यांचा दाखला दिला जातो, ते संपूर्ण बायबलमध्ये मोजकेच आहेत: उत्पत्तीतील सदोमची कथा, लेवीय ग्रंथातील दोन नियम आणि पौलाच्या नावे असलेल्या पत्रांतील तीन उल्लेख. चारही शुभवर्तमानांत येशूने या विषयावर बोलल्याची नोंद नाही. सदोमच्या अपराधाविषयी सांगताना यहेज्केल संदेष्टा अहंकार, अन्नाची चंगळ आणि गरिबांना हात न देणे यांचा प्रथम उच्चार करतो. लेवीय ग्रंथातील इतर अनेक निर्बंध ख्रिस्ती लोक पाळत नाहीत आणि ते का पाळत नाहीत, याची मीमांसा प्रत्येक पंथाने केलेली आहे. तेव्हा वचन आहे म्हणजे विवेचनाची गरज संपली, असे कोणत्याच पंथाला म्हणता येत नाही.

भाषांतराचाही प्रश्न आहे. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रातील ज्या दोन ग्रीक शब्दांवर एवढा भार टाकला जातो, त्यांचा नेमका अर्थ काय, यावर विद्वानांत मतभेद आहेत. त्यांच्याऐवजी समलिंगी व्यक्ती या अर्थाचा आधुनिक इंग्रजी शब्द 'रिव्हाइज्ड स्टँडर्ड' आवृत्तीने १९४६ साली योजला. हा शब्द मुळात एकोणिसाव्या शतकात, १८६९ च्या सुमारास, युरोपात घडवला गेलेला. पहिल्या शतकातील पौलाला तो ठाऊक असणे शक्य नव्हते. १९७१ च्या सुधारित आवृत्तीत त्याच भाषांतरकारांनी तो बदलला. दरम्यानच्या पंचवीस वर्षांत हजारो तरुणांनी आपले नाव देवाच्या ग्रंथात शापितांच्या यादीत छापलेले वाचले असेल. शब्द निवडणाराला आपल्या शब्दाचे ओझे कोणाच्या पाठीवर पडणार आहे याची जाणीव हवी. मराठीत हे भान पंडिता रमाबाईंनी दाखवले होते. केडगावच्या मुक्ती सदनात हिब्रू व ग्रीक शिकून त्यांनी मूळ भाषांवरून संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर केले. रूढ भाषांतरांतील शब्द त्यांना जसेच्या तसे स्वीकारावेसे वाटले नाहीत. १९२२ साली त्या निवर्तल्या आणि १९२४ साली ते बायबल प्रसिद्ध झाले. मूळ शब्दाकडे परत जाण्याचा त्यांचा हट्ट श्रद्धेच्या अभावातून आलेला नव्हता. तो श्रद्धेतूनच आला होता.

शास्त्रातच आणखी एक धागा आहे आणि तो या वादात पुरेसा उलगडला जात नाही. अनुवादाच्या ग्रंथात नपुंसक केलेल्या पुरुषास परमेश्वराच्या मंडळीत येण्यास मनाई आहे. यशया संदेष्टा मात्र अशाच षंढांना देवाच्या घरात मुलामुलींपेक्षाही श्रेष्ठ असे नाव मिळेल, असे आश्वासन देतो. पुढे प्रेषितांच्या कृत्यांत यरुशलेमहून परतणारा, रथात बसून यशयाचाच ग्रंथ वाचणारा कूशी षंढ भेटतो. वाटेत पाणी दिसताच, आपला बाप्तिस्मा होण्यास आता काय अडचण आहे, असे तो फिलिप्पाला विचारतो. फिलिप्प त्याला अनुवादातील नियम ऐकवत बसत नाही. तो रथातून उतरतो आणि त्याचा बाप्तिस्मा करतो. आजचे समलिंगी व तृतीयपंथी म्हणजे तेव्हाचे षंढ, असे सरळ समीकरण मांडणे इतिहासाला धरून होणार नाही. परंतु देहाच्या वा कुळाच्या कारणाने बाहेर ठेवलेल्यांना आत घेण्याची दिशा त्याच ग्रंथात आहे, हे मात्र नाकारता येत नाही. पेत्राला यापो येथे झालेले दर्शन, कर्नेल्याच्या घरातील त्याचे जेवण आणि सुंता न झालेल्यांना मंडळीत घेण्याचा यरुशलेममधील निर्णय, हे सारे त्याच दिशेने टाकलेले पाऊल होते. आरंभीच्या चर्चने तेव्हा परंपरा मोडली नाही. तिचा अर्थ विस्तारला.

आक्षेप आणि उत्तरे

विरोधकांचे आक्षेप केवळ द्वेषातून येतात असे मानणे अन्यायाचे होईल. विवाह हा स्त्री व पुरुष यांच्यातील करार असून तो सृष्टिक्रमाशी निगडित आहे, ही ख्रिस्ती परंपरेतील प्राचीन धारणा आहे. ती धारणा बाळगणारे अनेक जण व्यक्तिशः दयाळू असतात. चर्चने युगाच्या मागे धावू नये, हा त्यांचा दुसरा आक्षेपही विचारार्ह आहे. युगाच्या मागे धावणाऱ्या चर्चने पूर्वी साम्राज्याची आणि युद्धांचीही भलामण केली आहे. परंतु युगाच्या पुढे धावण्यास नकार देणाऱ्या चर्चने गुलामगिरीचेही समर्थन केले होते, हे विसरून चालणार नाही. अमेरिकेतील सदर्न बॅप्टिस्ट पंथ १८४५ मध्ये गुलामगिरीच्या प्रश्नावरूनच वेगळा झाला आणि त्याबद्दल त्याने जाहीर क्षमायाचना केली ती १९९५ साली. भारतात कलकत्त्याचे बिशप डॅनियल विल्सन यांनी १८३३ मध्ये दक्षिणेतील मंडळ्यांतून जातिभेद निपटून काढण्याचा आदेश दिला, तेव्हा अनेकांनी जात सोडण्याऐवजी चर्च सोडले. स्त्रियांना धर्मसेवेचा अधिकार देण्याविरुद्धही शास्त्रवचनेच पुढे केली जात होती. २०१३ मध्ये चर्च ऑफ साउथ इंडियाला पहिली स्त्री बिशप लाभली आणि आकाश कोसळले नाही. या प्रत्येक प्रसंगी बाहेर ठेवणारांजवळ वचने होती, तशी आत घेणारांजवळही होती. कोणती वचने हातात घ्यावयाची हे अखेर वाचणाराच्या अंतःकरणाने ठरवले.

हे सारे पाश्चात्त्य फॅड आहे, हा तिसरा आक्षेप आशिया व आफ्रिकेत विशेष जोरात मांडला जातो. १९९८ च्या लँबेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी ५२६ विरुद्ध ७० मतांनी समलिंगी संबंध शास्त्राशी विसंगत असल्याचे घोषित केले आणि त्यात आफ्रिकी व आशियाई बिशपांचा वाटा मोठा होता. पण त्याच ठरावात समलिंगी व्यक्तींचे अनुभव ऐकून घेण्याची हमीही दिलेली आहे. ठरावाचा पहिला भाग जितक्या उत्साहाने सांगितला गेला, तितक्या उत्साहाने दुसरा पाळला गेला नाही. युगांडात २०२३ साली अत्यंत कठोर कायदा झाला. त्यात काही प्रकारच्या अपराधांना देहान्ताची शिक्षा आहे आणि तेथील अँग्लिकन चर्चच्या नेतृत्वाने त्याचे स्वागत केले. तेथेही मुळातला निर्बंध ब्रिटिश वसाहतीच्या दंडसंहितेतून आलेला होता. तेव्हा परकीय काय आणि स्वकीय काय, याचा हिशेब वाटतो तितका सोपा नाही. शिवाय त्याच खंडात दक्षिण आफ्रिकेचे आर्चबिशप डेस्मंड टुटू यांनी वर्णद्वेषाविरुद्धची आपली लढाई आणि समलिंगी व्यक्तींच्या सन्मानाची लढाई एकच असल्याचे आयुष्याच्या अखेरपर्यंत सांगितले. समलिंगींचा द्वेष करणाऱ्या देवाची उपासना आपण करणार नाही, असेही ते म्हणाले. टुटूंना पाश्चात्त्यांचे हस्तक म्हणण्याचे धाडस कोणी करील असे वाटत नाही.

चर्चच्या ऐक्याचा आक्षेप मात्र गंभीर आहे. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्चने १९७२ साली समलिंगी आचरण ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत असल्याचे वाक्य आपल्या सामाजिक तत्त्वांत घातले. ते २०२४ मध्ये काढून टाकले; पण तत्पूर्वी, २०१९ ते २०२३ या काळात, सुमारे ७,६०० मंडळ्या, म्हणजे त्या देशातील एकूण मंडळ्यांपैकी जवळजवळ चौथा हिस्सा, बाहेर पडल्या. हे नुकसान थोडे नाही. परंतु ऐक्याच्या या हिशेबात एक रकाना नेहमी कोरा राहतो. त्या ५२ वर्षांत एकेकटे, आवाज न करता, चर्च सोडून गेलेल्या माणसांची गणना कोणी केली? मंडळी फुटली की तिची बातमी होते. एखादा मुलगा उपासनेला येण्याचे थांबतो, तेव्हा मागच्या बाकावर फक्त एक जागा रिकामी होते.

रोमन कॅथलिक चर्चची भूमिका या दोन टोकांच्या मध्ये अडकलेली दिसते. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने समलिंगी संबंधांना मान्यता नाकारली. परंतु या व्यक्तींना आदराने, करुणेने व हळुवारपणे वागवावे आणि अन्याय्य भेदभावाची प्रत्येक खूण टाळावी, असेही बजावले. पोप फ्रान्सिस यांनी २०१३ साली रिओहून परततांना विमानात पत्रकारांशी बोलताना, देवाचा शोध घेणाऱ्या समलिंगी माणसाचा न्याय करणारा मी कोण, अशा अर्थाचा जो प्रश्न केला, त्याने सिद्धान्त बदलला नाही. पण बोलण्याचा सूर बदलला. २०२३ च्या जानेवारीत त्यांनी समलिंगी असणे हा गुन्हा नव्हे असे निःसंदिग्धपणे सांगितले आणि त्याच वर्षी तृतीयपंथी व्यक्तींना काही अटींवर बाप्तिस्मा घेता येईल, असे व्हॅटिकनने स्पष्ट केले. १८ डिसेंबर २०२३ रोजी समलिंगी जोडप्यांना, विवाहविधीचा भास होणार नाही अशा रीतीने, साधा आशीर्वाद देण्याची मुभा मिळाली. आफ्रिकेतील बिशपांनी ती आपल्या प्रदेशात लागू करण्यास नकार दिला. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सिस निवर्तले. त्यांनी दार सताड उघडले असे कोणी म्हणणार नाही. पण कडी काढली, एवढे त्यांचे श्रेय मान्य करावे लागेल.

करुणा पुरेशी आहे काय?

करुणेच्या बाबतीत चर्चचा इतिहास अगदीच रिता नाही. एड्सची साथ ऐन भरात असताना, ज्या रुग्णांना स्पर्श करण्यास लोक भीत होते, त्यांच्यासाठी मदर तेरेसांनी १९८५ च्या नाताळच्या आदल्या दिवशी न्यूयॉर्कमध्ये आश्रयगृह उघडले. केरळमध्ये २०१७ साली कोची मेट्रोने तृतीयपंथी व्यक्तींना नोकऱ्या दिल्या. परंतु त्यांना भाड्याने खोली द्यावयास कोणी तयार होईना, म्हणून काहींनी नोकऱ्याच सोडल्या. तेव्हा एका संन्यासिनी संघाच्या भगिनींनी त्यांच्या राहण्याची सोय केली. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांना त्यांच्या ओळखीचा घटनात्मक हक्क दिला होता; पण न्यायालयाला कोणाच्या घराचे कुलूप उघडता येत नाही. ते काम त्या भगिनींनी केले. तमिळनाडूत भारती या तृतीयपंथी स्त्रीने धर्मशास्त्राचे शिक्षण घेऊन इव्हँजेलिकल चर्च ऑफ इंडियामध्ये पाळकाचे काम पत्करले. तेथे तर तृतीयपंथी व्यक्ती केवळ दयेचा विषय राहिली नाही. ती स्वतःच इतरांची पाळक झाली.

हाच मुद्दा महत्त्वाचा आहे. मरणाऱ्याची शुश्रूषा करणे आणि जगणाऱ्याला सोबत घेणे यांत फरक आहे. करुणेत देणारा वर आणि घेणारा खाली असतो. पंगतीत सर्वांचे पाट एकाच पातळीवर मांडलेले असतात. पहिली गोष्ट अनेक चर्चनी केली. दुसरी करावयास त्यांचे मन अजून धजत नाही.

भारतातील मंडळ्यांनी विवाहाच्या प्रश्नाची धास्ती घेण्याचे तूर्त कारण नाही. १७ ऑक्टोबर २०२३ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने समलिंगी विवाहास मान्यता देण्यास नकार देऊन तो विषय संसदेवर सोपवला. कोणत्याही पाळकाला असा विवाह लावण्याची सक्ती भारतात नाही. त्यामुळे विवाहाच्या बागुलबुवाआड दडून साध्या माणुसकीचे प्रश्न टाळता येणार नाहीत. ते प्रश्न साधे आहेत. प्रवचनातून एखाद्या तरुणाचा पाणउतारा होतो, तेव्हा तो तरुण समोरच बसलेला असू शकतो, हे बोलणाराच्या ध्यानात येते काय? तृतीयपंथी व्यक्ती बाप्तिस्मा मागण्यास आली तर तिला फिलिप्पाचे उत्तर मिळेल की अनुवादातील नियमाचे? तिच्या मरणानंतर मंडळीच्या दफनभूमीत तिला जागा मिळेल काय? आईबाप मुलाला घेऊन पाळकाकडे आले, तर पाळक त्या घराला धीर देईल की मुलाला 'बरे' करण्याचे उपाय सुचवील?

या अखेरच्या प्रश्नाची निकड मोठी आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्येच समलिंगी असणे आजारांच्या यादीतून वगळले. मद्रास उच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशानंतर राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये अशा 'परिवर्तन उपचारां'ना व्यावसायिक गैरवर्तन ठरवले. अमेरिकेत प्रार्थनेच्या व समुपदेशनाच्या बळावर हे परिवर्तन घडवू पाहणारी एक्झोडस इंटरनॅशनल ही ख्रिस्ती संघटना २०१३ साली, झालेल्या यातनांबद्दल क्षमा मागून, स्वतःच बंद झाली. जे डॉक्टरला वर्ज्य झाले आणि ज्याच्या पुरस्कर्त्यांनीच ज्याचा त्याग केला, ते प्रार्थनेच्या नावाखाली चालू ठेवणे कोणत्याही पाळकाला शोभणारे नाही. शाळा, महाविद्यालये आणि वसतिगृहे चालवणाऱ्या ख्रिस्ती संस्थांवर तर ही जबाबदारी दुहेरी आहे. त्यांच्या वर्गात बसणारी बहुसंख्य मुले ख्रिस्ती नसतात. पण चिडवले गेलेले मूल कोणत्याही धर्माचे असले तरी ते शिक्षकाकडेच पाहते.

मराठी वाचकाला ख्रिस्ती जीवनाची अंतरंग ओळख झाली ती लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'मधून. १८९५ साली नारायण वामन टिळकांनी बाप्तिस्मा घेतला आणि एक घर दुभंगले. पतीपासून दूर राहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या सोवळ्याओवळ्याच्या कल्पना कोणाच्या व्याख्यानाने गेल्या नाहीत. जातिभेद माणसाने निर्माण केला, देवाने नव्हे, हे त्यांना स्वतःच्याच विचाराने उमगले आणि यापुढे कोणाच्याही हातचे पाणी प्यावयाचे, असे त्यांनी ठरवले. बाप्तिस्म्याआधीच त्यांच्या अंतःकरणाचे परिवर्तन झाले होते. आपला मुलगा वा मुलगी वेगळी आहे हे कळताच दुभंगणारी घरे आजही आहेत. ख्रिस्ती आहेत, तशी इतरही आहेत. त्या घरांना नवा सिद्धान्त लागेलच असे नाही. कोणाच्याही हातचे पाणी पिण्याचा तो एक निश्चय मात्र लागेल.

१९६८ च्या ६ ऑक्टोबरला ट्रॉय पेरी या पेंटेकॉस्टल पाळकाने कॅलिफोर्नियातील आपल्या घराच्या दिवाणखान्यात उपासना घेतली. समलिंगी असल्याने त्याला आपल्या पंथातून बाहेर पडावे लागले होते. त्या दिवशी बारा माणसे आली. त्यांतूनच मेट्रोपोलिटन कम्युनिटी चर्च उभे राहिले आणि पाच वर्षांनी न्यू ऑर्लिन्सच्या आगीत त्याच्या एका शाखेची राख झाली. ज्यांना पंगतीत पान मिळाले नाही त्यांनी आपली वेगळी पंगत मांडली, असाच त्या पंथाचा अर्थ आहे. तो त्यांचा पराक्रम होता. इतरांची मात्र ती नामुष्की होती. वेगळी पंगत मांडावी लागणे हे कोणत्याही घराचे भूषण नसते.

प्रभुभोजनाचा विधी ज्या रात्रीच्या स्मरणार्थ होतो, त्या रात्री मेजावर विश्वासघात करणारा होता, नाकारणारा होता आणि संकटात पळून जाणारेही होते. यजमानाला हे ठाऊक होते. तरी त्याने कोणाला उठवले नाही. त्या मेजाचा वारसा सांगणाऱ्यांनी कोणाला बसू द्यावयाचे याचा निवाडा करण्यापूर्वी, आपण स्वतः तेथे कोणाच्या परवानगीने बसलो आहोत, एवढे आठवावे.